शेव्हरोले ॲडव्हान्स डिझाइन पिकअपमधील इंजिनबदल

शेव्हरोले ॲडव्हान्स डिझाइन पिकअपमधील इंजिनबदल म्हणजे जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९४७ ते १९५५ या काळात विकलेल्या शेव्हरोले पिकअप ट्रकमधील मूळ २१६ घन इंची, एका रांगेत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन काढून त्याच्या जागी त्याच घराण्यातील नंतरचे, बहुधा २३५ किंवा २६१ घन इंची, इंजिन बसविण्याची प्रक्रिया होय. जुनी वाहने जतन करणाऱ्या अमेरिकेतील हौशी मंडळींमध्ये हा बदल अनेक दशकांपासून रूढ आहे. नवे इंजिन अधिक शक्तिशाली असते हे खरे असले, तरी बदलाचे मुख्य कारण शक्ती हे नसून वंगण हे आहे. मूळ इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना तेल दाबाखाली मिळत नाही. १९५४ नंतरच्या इंजिनात ते मिळते. आजच्या महामार्गांवरील सलग वेग सोसण्याच्या दृष्टीने हाच फरक निर्णायक ठरतो.

## पार्श्वभूमी

शेव्हरोलेने १९२९च्या मॉडेलपासून आपल्या मोटारगाड्यांत व ट्रकांत सहा सिलिंडरांचे इंजिन वापरण्यास प्रारंभ केला. त्याची धारिता १९४ घन इंच (सुमारे ३.२ लिटर) होती आणि झडपा हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांच्या वर होत्या. चार सिलिंडरांच्या गाडीच्या किमतीत सहा सिलिंडर, अशी त्याची जाहिरात करण्यात आली. इंजिनावरील काही बोल्ट घरगुती शेगडीच्या बोल्टांसारखे दिसत असल्याने त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ (शेगडीचा बोल्ट) असे टोपणनाव मिळाले. पुढे या घराण्यातील सर्वच इंजिनांना हे नाव चिकटले.

सहा सिलिंडर एका रांगेत ठेवण्याच्या रचनेत यांत्रिक संतुलन उत्तम साधते. क्रँकशाफ्टचे बाहू एकमेकांशी १२० अंशांचा कोन करतात आणि पिस्टनच्या जोड्या सारख्याच रीतीने वर-खाली होतात. त्यामुळे एका पिस्टनची ओढ दुसऱ्याच्या ओढीने भरून निघते आणि इंजिन फारशी थरथर न करता फिरते. शेव्हरोलेच्या इंजिनात ठिणगी पडण्याचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे.

१९३७ मध्ये या इंजिनाची दुसरी पिढी आली. क्रँकशाफ्टला आधार देणारी मुख्य बेअरिंगे तीनऐवजी चार झाली आणि धारिता २१६.५ घन इंच (सुमारे ३.५ लिटर) करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात तयार झालेल्या शेव्हरोलेच्या लष्करी ट्रकांमध्येही हे इंजिन वापरले गेले. युद्धानंतर १९४७च्या उन्हाळ्यात शेव्हरोलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाची ट्रकांची नवी मालिका बाजारात आणली. तिच्यातील अर्धा टन भाराच्या ३१०० या पिकअपमध्ये २१६ घन इंची इंजिन होते. १९५४ मध्ये त्याची जागा २३५ घन इंची इंजिनाने घेतली. मार्च १९५५ मध्ये ‘टास्क फोर्स’ ही पुढची मालिका सुरू झाली आणि ॲडव्हान्स डिझाइन ट्रकांचे उत्पादन थांबले.

## मूळ इंजिनाची वंगणव्यवस्था

२१६ इंजिनाला का बदलतात हे समजण्यासाठी त्यात तेल कसे फिरते ते पाहणे आवश्यक आहे. तेलाचा पंप मुख्य बेअरिंगांना व कॅमशाफ्टच्या बेअरिंगांना दाबाखाली तेल पुरवितो. क्रँकशाफ्ट व पिस्टन यांना जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला मात्र असा पुरवठा नाही. तेथे तेल पोहोचविण्याची योजना वेगळी आहे.

प्रत्येक रॉडच्या टोपीखाली पळीसारखा एक छोटा भाग असतो. इंजिनाखालील तेलाच्या चेंबरमध्ये प्रत्येक रॉडखाली एकेक उथळ पन्हळ असते. इंजिन संथ फिरत असताना ही पळी पन्हळीतील तेलात बुडते आणि बेअरिंगमध्ये तेल ढकलते. वेग वाढला की चेंबरमधील तोट्यांतून सुटणारी तेलाची धार फिरत्या पळीवर आदळते आणि तेल आत शिरते. या तोट्यांची दिशा अचूक असावी लागते. चेंबर काढल्यावर ती तपासण्यासाठी कारखान्याने खास मापक दिलेले होते. तोटी वाकली किंवा गाळाने तुंबली, तर त्या रॉडचे बेअरिंग कोरडे पडते.

ही बेअरिंगे बॅबिट धातूची असतात. आयझॅक बॅबिट या अमेरिकी कारागिराने १८३९ मध्ये शोधलेला हा मऊ मिश्रधातू वितळवून थेट रॉडमध्ये ओतला जातो व नंतर मापात कातला जातो. झीज झाली की टोपीखालील पातळ पत्रे काढून बेअरिंगची सैल भरून काढता येते. त्या काळच्या गावोगावच्या गॅरेजमध्ये हे काम सहज होत असे. मात्र ओतलेले बॅबिट उखडले, तर रॉड पुन्हा ओतून घ्यावा लागतो. ते काम जाणणारे कारागीर आता थोडे राहिले आहेत.

या रचनेला सदोष म्हणणे ऐतिहासिकदृष्ट्या योग्य ठरत नाही. शेतातील कच्च्या वाटा, गावातील बाजार आणि ताशी ६०-७० किलोमीटरचे रस्ते यांसाठी ती पुरेशी होती. लक्षावधी ट्रकांनी तिच्या बळावर वर्षानुवर्षे काम केले. अडचण निर्माण झाली ती रस्ते बदलल्यामुळे. १९५६च्या कायद्यानंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहिले आणि तासन्‌तास एकाच उच्च वेगाने गाडी पळविणे ही सामान्य गोष्ट झाली.

## वेग आणि फेरे

अर्ध्या टनी ॲडव्हान्स डिझाइन पिकअपच्या मागील ॲक्सलमधील गिअरचे गुणोत्तर ४.११ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणारा दांडा ४.११ वेळा फिरतो. सर्वांत वरच्या गिअरमध्ये इंजिन व हा दांडा सारख्याच वेगाने फिरतात. टायरचा व्यास सुमारे २८ इंच धरल्यास एक किलोमीटर अंतरात इंजिनाचे सुमारे १,८४० फेरे होतात. यावरून पुढील हिशेब मांडता येतो.

* ताशी ६० किलोमीटर वेगाला : मिनिटाला सुमारे १,८४० फेरे
* ताशी ८० किलोमीटर वेगाला : मिनिटाला सुमारे २,४५० फेरे
* ताशी १०० किलोमीटर वेगाला : मिनिटाला सुमारे ३,०७० फेरे

२१६ इंजिन आपली कमाल शक्ती मिनिटाला ३,४०० फेऱ्यांच्या आसपास देते. म्हणजेच ताशी १०० किलोमीटरने जाताना ते आपल्या मर्यादेजवळ सतत फिरत राहते आणि रॉडची बेअरिंगे तेलाच्या धारेवर विसंबून असतात.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. नुसते इंजिन बदलल्याने फेरे कमी होत नाहीत. मागील ॲक्सल तोच असेल, तर २३५ इंजिनही तितकेच फेरे घेते. त्याच्या पिस्टनचा प्रवास अधिक लांब असल्याने ३,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटर होतो; २१६ मध्ये तो सुमारे ९.५ मीटर असतो. नवे इंजिन हा ताण कमी करीत नाही, तो सोसण्याची व्यवस्था मात्र त्यात आहे. ताण कमी करायचा असेल, तर गिअरचे गुणोत्तर बदलावे लागते.

## पर्यायी इंजिने

| इंजिन | सिलिंडरचा व्यास × पिस्टनचा प्रवास | धारिता | रॉड बेअरिंगांचे वंगण |
|---|---|---|---|
| २१६ | ८८.९ × ९५.३ मिमी | ३.५ लिटर | पळी व तेलाची धार |
| २३५ (१९४१ पासूनचे जुने) | ९०.५ × १००.० मिमी | ३.९ लिटर | पळी व तेलाची धार |
| २३५ (१९५४ पासूनचे) | ९०.५ × १००.० मिमी | ३.९ लिटर | पूर्ण दाबाखाली |
| २६१ (१९५४ पासूनचे) | ९५.३ × १००.० मिमी | ४.३ लिटर | पूर्ण दाबाखाली |
| २५० (तिसरी पिढी) | ९८.४ × ८९.७ मिमी | ४.१ लिटर | पूर्ण दाबाखाली |
| २९२ (तिसरी पिढी) | ९८.४ × १०४.६ मिमी | ४.८ लिटर | पूर्ण दाबाखाली |

२३५ घन इंची इंजिन प्रथम १९४१ मध्ये मोठ्या ट्रकांसाठी आले. १९५० मध्ये ‘पॉवरग्लाइड’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स असलेल्या मोटारगाड्यांतही ते बसविण्यात आले. त्या वेळी त्याचे वंगण २१६ सारखेच होते. १९५३ मध्ये पॉवरग्लाइड गाड्यांच्या इंजिनात पूर्ण दाबाचे वंगण, बदलता येण्याजोग्या पातळ कवचांची बेअरिंगे आणि ॲल्युमिनियमचे पिस्टन आले. १९५४ पासून सर्वच २३५ इंजिनांत हे बदल झाले. १९५० मधील ट्रकचे २१६ इंजिन ९२ अश्वशक्ती देत असे, तर १९५४च्या ट्रकमधील २३५ इंजिन ११२ अश्वशक्ती देते. १९५६च्या मोटारगाड्यांत हेच इंजिन १४० अश्वशक्तीपर्यंत पोहोचले. १९५३ मध्ये आलेल्या पहिल्या कॉर्व्हेट या क्रीडागाडीतही तीन कार्बोरेटर लावलेले २३५ इंजिनच होते व ते १५० अश्वशक्ती देत असे.

२६१ घन इंची इंजिन १९५४ मध्ये जड ट्रकांसाठी सादर झाले. बाहेरून ते २३५ सारखेच दिसते आणि जवळजवळ तितकीच जागा घेते. कॅनडात बनलेल्या पाँटियाक मोटारगाड्यांतही ते वापरले गेले. ओझे वाहणाऱ्या पिकअपसाठी ते अधिक उपयुक्त मानले जाते, परंतु २३५ इतके सहज मिळत नाही.

तिसऱ्या पिढीची इंजिने १९६२च्या मॉडेलपासून आली. त्यांत मुख्य बेअरिंगे सात आहेत आणि सुटे भाग सहज मिळतात. मात्र त्यांचे आधार बाजूला असतात आणि क्लचच्या घराला जोडणाऱ्या बोल्टांची मांडणी शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनासारखी आहे. त्यामुळे जुन्या ट्रकमध्ये ती बसविताना चॅसीवर नवे आधार व नवा गिअरबॉक्स यांची सोय करावी लागते. तेवढे काम करायचे तर व्ही-८ इंजिनच का बसवू नये, असा विचार अनेक जण करतात व तसे करतातही. तो मार्ग मूळ ट्रकच्या स्वभावापासून अधिक दूर नेणारा आहे.

## इंजिनाची ओळख पटविणे

जुन्या सामानाच्या बाजारात ‘२३५’ एवढ्याच नावाने इंजिन घेणे धोक्याचे असते. १९५३ पर्यंतच्या बहुतेक २३५ इंजिनांत रॉडखाली पळ्याच आहेत. असे इंजिन बसविल्यास शक्ती थोडी वाढते, परंतु ज्या कारणासाठी हा खटाटोप केला ते कारण तसेच राहते.

खात्री करण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली म्हणजे ब्लॉकवर ओतकामातच उमटलेला क्रमांक पाहणे. त्यावरून धारिता व साधारण कालखंड कळतो. दुसरी, ओतकामाचा दिनांक वाचणे. त्यात इंग्रजी वर्णमालेतील पहिले अक्षर जानेवारीसाठी, दुसरे फेब्रुवारीसाठी, या क्रमाने महिना दिलेला असतो आणि त्यापुढे दिवस व वर्षाचा शेवटचा अंक असतो. वर्षाचा एकच अंक असल्याने केवळ त्यावरून १९४४ व १९५४ यांत फरक करता येत नाही. तो क्रमांकासह वाचावा लागतो. तिसरी व सर्वांत विश्वसनीय पायरी म्हणजे तेलाचा चेंबर उघडणे. आत पन्हळी व तोट्या दिसल्या, तर ते जुन्या पद्धतीचे इंजिन होय.

## बसविताना करावे लागणारे बदल

२१६, २३५ आणि २६१ ही इंजिने क्लचच्या घराला सारख्याच रीतीने जोडली जातात. ॲडव्हान्स डिझाइन ट्रकमध्ये इंजिनाचा मागील भार क्लचच्या घरावरील आधारांवर असतो. ते घर कायम ठेवता येत असल्याने गिअरबॉक्स व त्यामागील सर्व रचना आपल्या जागी राहते. हा बदल लोकप्रिय होण्यामागे ही सोय आहे. तरीही पुढील बाबींकडे लक्ष द्यावे लागते.

पुढील आधार. ट्रकमध्ये इंजिनाचा पुढचा भाग टायमिंग गिअरमागील पोलादी पट्टीच्या साहाय्याने चॅसीच्या आडव्या तुळईवर टेकतो. मोटारगाडीतून काढलेल्या इंजिनावर ही पट्टी वेगळी असू शकते. तेव्हा जुन्या ट्रकच्या इंजिनावरील पट्टी नव्या इंजिनाला लावावी लागते. त्यासाठी कॅमशाफ्ट बाहेर काढणे भाग पडते. इंजिन खोललेले असतानाच हे काम उरकणे सोयीचे असते.

पाण्याचा पंप. १९५५ पासूनच्या इंजिनांवरील पाण्याचा पंप अधिक उंचीवर आहे. तो तसाच ठेवला, तर पंखा रेडिएटरच्या मानाने वर जातो व रेडिएटरला घासण्याचा संभव असतो. यावर उपाय म्हणून जोडपट्टी वापरून जुन्या पद्धतीचा पंप बसवितात.

फ्लायव्हील व स्टार्टर. सहा व्होल्टच्या काळातील फ्लायव्हीलच्या कडेला १३९ दात असतात, तर बारा व्होल्टच्या काळातील फ्लायव्हीलला १६८. स्टार्टरचे दात त्यांच्याशी जुळले पाहिजेत. ॲडव्हान्स डिझाइन ट्रकमध्ये स्टार्टर पायाने दाबून चालविण्याची पद्धत होती. ती कायम ठेवायची असल्यास जुने फ्लायव्हील व जुना स्टार्टर वापरले जातात.

विद्युत व्यवस्था. शेव्हरोलेने १९५५ मध्ये सहा व्होल्टऐवजी बारा व्होल्टची व्यवस्था स्वीकारली. इंजिनासाठी व्होल्ट बदलणे अनिवार्य नाही. बदलायचे ठरविल्यास दिवे, इग्निशन कॉइल, डायनॅमो व त्याचा रेग्युलेटर बदलावे लागतात आणि इंधनमापक व हीटरचा पंखा यांचीही वेगळी सोय करावी लागते.

तेलदाब दर्शक. मूळ दर्शकावर ३० पर्यंतचे आकडे आहेत, कारण जुन्या इंजिनातील दाब कमी असे. पूर्ण दाबाच्या इंजिनात काटा टोकाला जाऊन थांबतो आणि खरा दाब कळत नाही. म्हणून ६० पर्यंतचा दर्शक लावतात. चालकाला बेअरिंगांची प्रकृती सांगणारे हे एकमेव साधन असल्याने हा बदल टाळणे इष्ट नसते.

हेडमधील छिद्रे. २६१च्या ब्लॉकमध्ये सिलिंडरांच्या मधल्या जागेतील वाफ वर जाण्यासाठी छिद्रे ठेवलेली आहेत. त्यावर २३५चे हेड बसवायचे असेल, तर त्यातही जुळणारी छिद्रे पाडावी लागतात. अन्यथा वाफ अडकून तो भाग अतिशय तापतो.

## इंजिनाची पुनर्बांधणी

बदली इंजिन साधारणतः सहा-सात दशके जुने असते. त्यामुळे ते बसविण्यापूर्वी पूर्ण खोलून तपासणे आवश्यक ठरते. ब्लॉक व हेड यांतील सूक्ष्म भेगा चुंबकीय चाचणीने शोधतात. पाणी गोठून किंवा इंजिन अति तापून पडलेल्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. त्या नंतर कळल्या, तर आधीचा सर्व खर्च वाया जातो. म्हणून ही तपासणी इतर कोणत्याही कामाआधी करतात. त्यानंतर सिलिंडर बोअर करणे, क्रँकशाफ्ट घासून मापात आणणे आणि नवी बेअरिंगे, पिस्टन व रिंगा बसविणे हा क्रम असतो.

जुन्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे व त्यामुळे निकासाच्या झडपांच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण होई. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल विकण्यास १९९६ पासून बंदी आहे. म्हणून पुनर्बांधणीच्या वेळी हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसविण्याची प्रथा पडली.

## शक्ती वाढविणे

या इंजिनांच्या हेडमध्ये सहा सिलिंडरांसाठी मिश्रण आत घेणारे मार्ग तीनच आणि धूर बाहेर टाकणारे मार्ग चार आहेत. शेजारच्या सिलिंडरांना एकाच मार्गातून श्वास घ्यावा लागतो, हीच त्यांच्या शक्तीची नैसर्गिक मर्यादा आहे. युद्धोत्तर काळात शर्यतीच्या शौकिनांसाठी ‘वेन’ या नावाने बारा स्वतंत्र मार्गांचे हेड विकले जात असे.

सर्वसामान्य वापरात यापेक्षा साधे उपाय केले जातात. दोन कार्बोरेटर बसविता येतील असा मॅनिफोल्ड आणि पुढील तीन व मागील तीन सिलिंडरांचा धूर वेगळा नेणारे दोन नळ हे त्यांतील प्रमुख होत. मूळ रचनेत निकासाचा मॅनिफोल्ड आत येणाऱ्या मिश्रणाला ऊब देतो. तो काढून टाकल्यास थंड हवेत पेट्रोलचे नीट बाष्प होत नाही आणि इंजिन अडखळते. त्यामुळे अशा बदलात गरम पाण्याने ऊब देण्याची व्यवस्था करावी लागते.

## गिअरबॉक्स, मागील ॲक्सल आणि ब्रेक

अर्ध्या टनी पिकअपमध्ये गिअरबॉक्सपासून मागे जाणारा दांडा एका बंद नळीत असतो. ही नळी मागील ॲक्सलला घट्ट जोडलेली असते आणि चाकांचा पुढे ढकलण्याचा जोर तीच गाडीला पोहोचविते. गिअरबॉक्स, नळी व ॲक्सल हे त्यामुळे एकमेकांशी बांधलेले आहेत. त्यांपैकी एक बदलल्यास तिन्ही बदलावे लागतात. १९५५च्या नव्या मालिकेत उघड्या दांड्याची पद्धत आली. शेव्हरोले एस-१० या पुढच्या काळातील पिकअपमधील टी-५ हा पाच वेगांचा गिअरबॉक्स आणि उघड्या दांड्याचा ॲक्सल बसविल्यास महामार्गावर इंजिनाचे फेरे लक्षणीयरीत्या उतरतात.

वेग वाढविण्याआधी थांबण्याची क्षमता वाढविणे हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे पथ्य आहे. मूळ ट्रकला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असून त्यांना तेल पुरविणारा मुख्य सिलिंडर एकाच कप्प्याचा आहे. कोठेही एका नळीतून तेल गळाले, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम निकामी होतात. अमेरिकेत दुहेरी कप्प्याचे सिलिंडर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात सार्वत्रिक झाले. ९२ अश्वशक्तीचा ट्रक १४० अश्वशक्तीचा करताना मूळ ब्रेक तसेच ठेवणे हे चालकाच्या व रस्त्यावरील इतरांच्या जिवाशी खेळणे ठरते. म्हणून दुहेरी सिलिंडर व पुढील चाकांना डिस्क ब्रेक ही इंजिनबदलाचीच एक पायरी समजली जाते.

## नोंदणी आणि मूळपणाचा प्रश्न

त्या काळात अमेरिकेतील काही राज्यांमध्ये वाहनाची नोंदणी इंजिनाच्या क्रमांकावर होत असे. अशा वाहनातील इंजिन बदलल्यास कागदपत्रांवरील क्रमांक व प्रत्यक्षातील क्रमांक जुळत नाहीत आणि मालकी सिद्ध करण्यात अडचण येते. त्यामुळे बदलापूर्वी नोंदणी चॅसीच्या किंवा केबिनवरील पट्टीच्या क्रमांकावर करून घेणे हिताचे असते.

मूळपणाबाबत दोन दृष्टिकोन आहेत. एका मतानुसार, ज्या इंजिनासह ट्रक कारखान्यातून बाहेर पडला तेच त्यात असावे. तसे नसल्यास ते वाहन ऐतिहासिक साधन म्हणून उणे ठरते. दुसऱ्या मतानुसार, शेव्हरोलेने स्वतः १९५४ मध्ये याच ट्रकमध्ये २३५ इंजिन बसविले होते, म्हणून हा बदल कारखान्याच्याच वाटेने जाणारा आहे. शिवाय ट्रक झाकून ठेवण्यापेक्षा चालता राहणे हेच खरे जतन होय. या दोहोंमध्ये मेळ घालणारा मार्गही प्रचलित आहे. त्यात चॅसी न कापता, नवी छिद्रे न पाडता बदल करतात आणि मूळ इंजिन तेल लावून, तोंडे बंद करून सांभाळून ठेवतात. त्यामुळे पुढच्या मालकाला ट्रक पूर्वस्थितीत आणता येतो. २१६च्या जागी २३५ बसविण्यात हे शक्य होते. व्ही-८ बसविण्यात ते बहुधा शक्य होत नाही.

जो ट्रक केवळ गावाभोवती, मर्यादित वेगाने चालवायचा आहे, त्यात सुस्थितीतील २१६ इंजिन कायम ठेवणेही तितकेच समर्थनीय आहे. तोट्या स्वच्छ ठेवणे, तेल वेळेवर बदलणे आणि ताशी ७० किलोमीटरच्या आत राहणे एवढी पथ्ये पाळल्यास ते दीर्घकाळ सेवा देते.

## भारताशी संबंध

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे वाहनांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला. परदेशातून आलेले सुटे भाग जोडून तेथे शेव्हरोले मोटारगाड्या, ट्रक व बसगाड्या तयार होत असत. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे काम थांबले. सहा सिलिंडरांची शेव्हरोले इंजिने भारतातील रस्त्यांवर पसरण्यात या कारखान्याचा वाटा आहे.